कानाच्या डॉक्टरचा मुलगा, कानाच्याच दुखण्याने गेला

प्रख्यात लेखक ऑस्कर वाइल्ड यांचा ३० नोव्हेंबर हा स्मृतिदिन. १९०० साली पॅरिसमधल्या एका साध्या हॉटेलच्या खोलीत त्यांनी शेवटचा श्वास घेतला, तेव्हा वय होतं अवघं ४६. कारण ठरलं वर्षानुवर्षं वाहणारा एक कान.

वाइल्ड यांचा जन्म १६ ऑक्टोबर १८५४ चा, आयर्लंडमधल्या डब्लिनचा. वडील सर विल्यम वाइल्ड हे त्या काळचे कानाचे नावाजलेले सर्जन. १८४४ मध्ये त्यांनी डब्लिनमध्ये डोळे आणि कानाचं रुग्णालय सुरू केलं. १८५३ मध्ये कानाच्या आजारांवर मोठा ग्रंथ लिहिला. कानामागचा पू काढण्यासाठी ते जो छेद घेत, तो पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला. फुटलेला कान कधीच किरकोळ समजू नका, त्याचा शेवट कुठे होईल सांगता येत नाही, असा इशाराही त्यांनी ग्रंथात देऊन ठेवला होता. १८७६ मध्ये ते वारले.

मुलगा मात्र साहित्यात रमला. लहान मुलांसाठी लिहिलेल्या ‘द हॅपी प्रिन्स’सारख्या कथा, ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ ही कादंबरी आणि खुसखुशीत नाटकं यांनी तो लंडन गाजवत होता. १८९५ च्या सुरुवातीला त्याची दोन नाटकं तिथे एकाच वेळी सुरू होती. त्याच वर्षी २५ मे रोजी समलिंगी संबंधांच्या खटल्यात त्याला दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

वाँड्सवर्थच्या तुरुंगात असताना प्रार्थनागृहात चक्कर येऊन तो पडला आणि उजव्या कानाला मार बसला. तिथून दुखणं वाढत गेलं. पुढे रेडिंगच्या तुरुंगातून १८९६ च्या जुलैमध्ये त्याने गृहमंत्र्यांकडे अर्ज केला. त्यात कानाची तक्रार स्पष्ट मांडली होती : कान वाहतोय, ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय आणि नीट उपचार मिळत नाहीत. कान काही बरा झाला नाही. १९ मे १८९७ ला सुटका झाली, पण तो दुखरा कान घेऊनच. मग नाव बदलून फ्रान्समध्ये राहणं, हातात पैसा नाही, प्रकृती ढासळलेली.

१० ऑक्टोबर १९०० रोजी हॉटेलच्या खोलीतच कानाची शस्त्रक्रिया झाली. काही दिवस बरं वाटलं, थोडं हिंडणंफिरणंही झालं. पण महिनाअखेरीस वेदना पुन्हा उसळल्या, मग शुद्ध हरपू लागली. २७ नोव्हेंबरला डॉक्टरांनी लिहून दिलं की उजव्या कानातल्या जुन्या संसर्गामुळे मेंदूला आणि त्याच्या आवरणाला सूज आली आहे. तीन दिवसांत सगळं संपलं.

असं का होतं? मधला कान आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा जेमतेम एक पातळ पडदा असतो. कान वर्षानुवर्षं वाहत राहिला की काही रुग्णांत आत कातडीची गाठ वाढते आणि ती हाड पोखरते. वाट मोकळी झाली की पू थेट मेंदूपर्यंत पोचतो. मग मेनिंजायटिस होतो किंवा मेंदूत गळू होतं. त्या काळी प्रतिजैविकं नव्हती. पेनिसिलिनचा शोधच १९२८ चा.

वाइल्ड गुप्तरोगाने गेले, अशी वदंता बरीच वर्षं चालली. २००० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखाने ती खोडून काढत कानाकडेच बोट दाखवलं.

आज औषधं आहेत, शस्त्रक्रिया आहे, तरी कान फुटला की तेल घालून गप्प बसणारी घरं अजून आहेत. कानातून वारंवार घाण वासाचा पू येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावं. सोबत ताप, जोराची डोकेदुखी, उलटी, चक्कर, तोंड वाकडं होणं किंवा गुंगी असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.