वि. स. पागे : मागेल त्याला काम देणाऱ्या कायद्याचे जनक



नेसरीचं नाव घेतलं की आपल्याला सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा शिलेदार आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ चा तो प्रसंग आपल्याला तोंडपाठ असतो. आजच्या पाठात शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या एका वेगळ्या माणसाची ओळख करून घेऊ. त्यांनी हातात तलवार घेतली नाही. पण खेड्यातल्या मजुराला काम मागायचा हक्क कायद्यानं मिळवून देण्यात त्यांचा वाटा सगळ्यात मोठा आहे. त्यांचं नाव विठ्ठल सखाराम पागे, म्हणजेच वि. स. पागे. महाराष्ट्र त्यांना रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ओळखतो.

थोडक्यात ओळख

जन्म : २१ जुलै १९१०
कर्मभूमी : विसापूर, तालुका तासगाव, जिल्हा सांगली
पद : महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती (१९६० ते १९७८)
महत्त्वाचं कार्य : रोजगार हमी योजना
मृत्यू : १६ मार्च १९९०

जडणघडण

पाग्यांच्या लहानपणी सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. तासगावचा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. स्वातंत्र्यलढ्यात सातारा जिल्हा किती पेटला होता, हे तुम्ही इतिहासात वाचलंच आहे. पागे वकिलीचं शिक्षण घेतलेले होते, पण त्यांचा ओढा गांधीजींच्या मार्गाकडं होता. ते लढ्यात उतरले आणि त्यांनी तुरुंगवासही भोगला. संतवाङ्मयाचा त्यांचा अभ्यास मोठा होता आणि विनोबांच्या सर्वोदय विचाराचा त्यांच्यावर प्रभाव होता.

स्वातंत्र्य मिळाल्यावर ते विधिमंडळात गेले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, आणि त्याच वर्षी ते विधान परिषदेचे सभापती झाले. हे पद त्यांनी सलग अठरा वर्षं सांभाळलं. सभापती म्हणजे सगळ्या पक्षांचं ऐकून घेणारा माणूस. पण मुंबईत इतक्या मानाच्या खुर्चीवर बसूनही त्यांचं लक्ष विसापूरच्या शिवारात असायचं.

प्रश्न काय होता?

आपल्याकडं भात कापणी आणि मळणी आटोपली, की हातावर पोट असलेल्या घरात एकच चिंता असते : आता काम कुठं मिळणार? आजरा, चंदगड, गडहिंग्लज भागातली किती तरी माणसं याच कारणानं पिढ्यानपिढ्या मुंबईची वाट धरत आली. पण आपल्याकडं निदान पाऊस तरी पडतो. तासगाव, जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत पावसाचाही भरवसा नाही. स्वतःची जमीन नाही, आणि दुसऱ्याच्या रानात वर्षातले काही महिनेच काम. उरलेले महिने कसे काढायचे?

सरकार काहीच करत नव्हतं असं नाही. इंग्रजांच्या काळापासून दुष्काळी कामं निघायची. पण त्यासाठी आधी दुष्काळ जाहीर व्हावा लागायचा. तो जाहीर करायचा की नाही हे साहेब ठरवणार. पाऊस झाला की कामं बंद. म्हणजे मजुराच्या पोटाला भूक कधी लागते, हेसुद्धा सरकारी कागदावर ठरायचं. आपल्या संविधानाच्या कलम ४१ मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या आधारावर कोणी कोर्टात जाऊन काम मागू शकत नाही.

पागे यांना नेमकी हीच उणीव भरून काढायची होती.

हिशेबातून निघालेली योजना

या योजनेचं मूळ एका घरगुती बोलण्यात आहे, असं सांगतात. विसापूरला घरच्या शेतीचा विषय निघाला असताना पाग्यांनी पत्नीला विचारलं, की अमुक एवढी रक्कम हातात आली तर शेतावर किती मजुरांना किती दिवस काम देता येईल? त्यांनी शेतीची कामं मनात धरून चोख हिशेब सांगितला. पाग्यांनी तोच हिशेब गावावरून तालुक्यावर आणि तालुक्यावरून राज्यावर नेऊन पाहिला, आणि तो मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्रानं कळवला.

नाईकांनी त्यात लक्ष घातलं. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या काही गावांत प्रयोग सुरू झाला. ज्याला काम हवं त्यानं मागावं आणि त्याला ते जवळपास मिळावं, अशी ही साधी पद्धत होती. त्या कामातून गावाच्या उपयोगाचं काही उभं राहावं, यावरही भर होता : बांधबंदिस्ती, विहिरी, पाझर तलाव, रस्ते. नुसते खड्डे खणायचे आणि बुजवायचे, अशी कामं त्यांना नको होती.

या अनुभवावरून १९७२ साली राज्यभर रोजगार हमी योजना जाहीर झाली. आणि तेवढ्यात मोठा दुष्काळ आला.

बहात्तरचा दुष्काळ

बहात्तरचा दुष्काळ तुमच्या आजी-आजोबांना आठवत असेल. विहिरी आटल्या, जनावरं विकावी लागली. बायामाणसं खडी फोडायला गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, म्हणजे एका मोठ्या शहराएवढी वस्ती उन्हात राबत होती. त्या काळात बाकीच्या योजना मागं पडल्या. पण दोन गोष्टी सगळ्यांच्या लक्षात आल्या : लोकांना फुकट काही नको, काम हवं आहे, आणि सरकारनं मनावर घेतलं तर इतक्या लोकांना काम देता येतं.

दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा सुरू झाली, आणि मग मोठा प्रश्न आला तो पैशाचा.

पैसा कुठून आणायचा?

काम देणं चांगलं, पण तिजोरीत पैसे कुठं आहेत, असं म्हणणारे तेव्हाही होते. त्यावर महाराष्ट्रानं काढलेला उपाय लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९७५ साली व्यवसाय कर सुरू झाला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्याकडून तो घ्यायचा आणि रोजगार हमीसाठी वापरायचा. आणखीही काही कर आणि अधिभार जोडले गेले. या करांतून जेवढी रक्कम जमेल, तेवढीच भर सरकारनं स्वतःची घालायची.

तुमच्या घरात कोणी नोकरीला असेल तर त्यांचं पगारपत्रक बघा. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २५०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापलेले दिसतील. आम्हा शिक्षकांचेही कापले जातात. बऱ्याच जणांना हा कर कशासाठी आला हेच माहीत नसतं. मुंबईतल्या पगारदारानं थोडा भार उचलायचा, म्हणजे माणच्या माळावर राबणाऱ्या बाईच्या घरची चूल पेटेल. शहर आणि खेडं यांना जोडणारा हा विचार होता.

योजनेचा कायदा झाला

सरकारी योजना आज असते, उद्या बंद होते. म्हणून तिचा कायदा करणं गरजेचं होतं. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ विधिमंडळानं मंजूर केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मधल्या काळात राज्यात सरकारं बदलली, पण कायदा टिकला.

या कायद्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

• ग्रामीण भागातल्या १८ वर्षांवरच्या कोणत्याही व्यक्तीनं अंगमेहनतीचं काम मागितलं, तर सरकारनं ते द्यायचं.
• मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं.
• काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. तेव्हा तो दिवसाला किमान एक रुपया होता.
• बाई आणि पुरुष यांना एकाच दरानं मजुरी.
• कामावर पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय.

एक रुपया भत्ता म्हणजे काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. रक्कम छोटीच होती. पण काम देता आलं नाही तर ती चूक सरकारची, हे त्या रुपयानं मान्य केलं. त्याआधी काम मिळालं नाही तर दोष मजुराच्या नशिबाला जायचा.

मजुरीचा वाद

ही योजना सगळ्यांना आवडली असं समजू नका. रोहयोच्या कामावर मजूर गेले तर आमच्या रानात कोण येणार, अशी बागायतदारांची तक्रार होती. त्यामुळं सुरुवातीची वर्षं मजुरीचे दर मुद्दामच कमी ठेवले गेले. मजुरी रोजावर नव्हती, कामाच्या मापावर होती. किती घनमीटर माती उपसली, किती खडी फोडली, यावर पैसे मिळायचे. मोजमाप उशिरा झालं तर पगार उशिरा मिळायचा. काही ठिकाणी खोटी मस्टर भरली गेली, न आलेल्या माणसांची हजेरी लागली. शेतमजुरांच्या संघटनांनी याविरुद्ध मोर्चे काढले. पुढं साधारण ताकदीच्या माणसानं सात तास मन लावून काम केलं तर त्याला शेतमजुराचं किमान वेतन पडलं पाहिजे, हे तत्त्व दरांमागं आलं. १९८८ साली शेतमजुरांचं किमान वेतन वाढलं आणि त्याबरोबर रोहयोचे दरही वाढले. पाग्यांना हे पाहायला मिळालं.

या योजनेचा सगळ्यात जास्त फायदा बायकांनी करून घेतला. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या अभ्यासक कुमुदिनी दांडेकर यांनी या योजनेवर काम केलं आणि स्त्रियांचा सहभाग अभ्यासून मांडला. गावाजवळ काम आणि मजुरीचा एकच दर, यामुळं ज्या बायांना घर सोडून लांब जाता येत नव्हतं, त्यांच्याही हातात स्वतःच्या कष्टाचा पैसा आला.

पाग्यांच्या नंतर

१६ मार्च १९९० रोजी पागे गेले. त्याच वर्षी रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि कोरडवाहू रानात आंबा, बोर, डाळिंबाची झाडं उभी राहिली. पुढं २००५ साली संसदेनं देशासाठी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि दोन वर्षांनी सगळ्या जिल्ह्यांत पोचला. त्यात प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी दिली होती. तासगावच्या काही गावांत सुरू झालेला प्रयोग असा सगळ्या देशाचा झाला.

मित्रांनो, पाग्यांच्या चरित्रातून एक गोष्ट मात्र पक्की शिकून घ्या. या कायद्याचं पहिलं पाऊल मजुरानं टाकायचं असतं. तोंडी सांगून चालत नाही. लेखी मागणी करायची आणि तारखेसह पोच घ्यायची. ती पोच हातात नसेल तर पंधरा दिवस कधीपासून मोजायचे, हेच ठरत नाही आणि भत्ताही मागता येत नाही. आपल्या गल्लीत, वाडीत ज्यांना लिहिता येत नाही अशी माणसं आहेत. तुम्हाला लिहिता येतं. त्यांचा अर्ज तुम्ही लिहून देऊ शकता.

स्वाध्याय

१. दुष्काळी काम आणि रोजगार हमीचं काम यांत कोणता फरक आहे?
२. व्यवसाय कर का सुरू झाला? तुमच्या शब्दांत लिहा.
३. बेकारी भत्त्याची रक्कम छोटी असूनही तो महत्त्वाचा का होता?
४. घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाकडून बहात्तरच्या दुष्काळाची माहिती घ्या आणि दहा ओळी लिहा.
५. उपक्रम : ग्रामपंचायतीत जाऊन कामाच्या मागणीचा नमुना बघा आणि त्यात कोणती माहिती भरावी लागते याची यादी करा.