विश्वाचा आरंभ शोधणारे धर्मगुरू



विश्वाचा आरंभ सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी झाला, असे आपली मुले शाळेत शिकतात. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, असे ती धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकतात. यातले खरे काय, असे त्यांनी विचारले की आपण बहुधा त्यांना गप्प बसवतो. तसे करण्याआधी फादर जॉर्ज लमेत्र यांची ओळख करून घेऊ या. विश्वाच्या आरंभाचा हा सिद्धांत मुळात या कॅथलिक धर्मगुरूंनीच मांडला.

त्यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरुआ येथे झाला. लुव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात ते इंजिनियरिंग शिकत असतानाच १९१४ साली महायुद्ध पेटले. ते सैन्यात गेले, तोफखान्यात लढले आणि त्यांना शौर्यपदक मिळाले. युद्धानंतर ते गणिताकडे वळले, सेमिनरीत दाखल झाले आणि १९२३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे केंब्रिज आणि अमेरिकेत अभ्यास करून १९२५ पासून त्यांनी लुव्हेनलाच अध्यापन केले.

विश्व प्रसरण पावत आहे, हे त्यांनी १९२७ साली गणिताने दाखवले. आइन्स्टाइन यांना गणित बरोबर वाटले, पण निष्कर्ष पटला नाही. १९२९ साली हबल यांच्या निरीक्षणांनी त्याला बळ दिले. १९३१ साली फादरांनी पुढचे पाऊल टाकले: आज पसरणारे हे विश्व एके काळी एका घनदाट आदिअणूत सामावलेले असावे. यातूनच पुढे महास्फोटाचा सिद्धांत उभा राहिला. पण पाद्री असल्यामुळे ते बायबलच विज्ञानाच्या वेषात आणत आहेत, अशी शंका काहींनी घेतली.

खरे तर गुरुदीक्षेपूर्वी त्यांनी उत्पत्तीच्या ग्रंथाचा विज्ञानाशी मेळ घालून पाहिला होता. पुढे तो मार्ग त्यांनी सोडला. बायबल तारणाचा मार्ग दाखवते, ताऱ्यांचे गणित शिकवत नाही, ही त्यांची धारणा झाली.

१९५१ साली पोप बारावे पायस यांनी आपल्या भाषणात या नव्या विज्ञानात निर्मितीची साक्ष दिसते असे सुचवले. दुसरा कोणी असता तर आनंदला असता. फादर मात्र अस्वस्थ झाले. विज्ञानातील सिद्धांत उद्या बदलू शकतो. त्यावर श्रद्धा टेकवली तर तीही डळमळेल, ही त्यांची काळजी होती. व्हॅटिकन वेधशाळेच्या प्रमुखांमार्फत त्यांनी ती रोमपर्यंत पोहोचवली. १९५२ साली खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपमहाशयांनी तो मुद्दा पुन्हा मांडला नाही. १९६० पासून फादर पोपमहाशयांच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते.

२० जून १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. विश्वाच्या आरंभकाळातील किरणोत्सर्ग सापडल्याची वार्ता त्याआधी त्यांच्या कानी आली होती.

जे आपल्याला कळत नाही तेवढेच देवाचे, असे आपण धरून चालतो. मग विज्ञान एकेक कोडे सोडवू लागले की आपल्याला भीती वाटते. फादर लमेत्र यांना ती वाटली नाही, कारण त्यांचा देव न सुटलेल्या कोड्यांपुरता नव्हता. कळलेले आणि न कळलेले सारेच त्याचे होते. म्हणून मुलांनी प्रश्न विचारले तर त्यांना गप्प बसवू नका. त्यांना या धर्मगुरूंची गोष्ट सांगा.