कै. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

गंगापूर रोडवरील आपल्या शाळेतून दक्षिणेकडे गेल्यास मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगर लागतो. त्यातील लेणी पांडवांनी कोरली, असे आपल्यापैकी पुष्कळांनी घरी ऐकले असेल. ऐकीव गोष्ट कोणती व सिद्ध गोष्ट कोणती, हे पारखावयास ज्यांनी महाराष्ट्रास शिकविले, त्या डॉ. भांडारकरांचा या लेण्यांशी निकट संबंध आहे.

त्यांचा जन्म मालवण येथे ६ जुलै १८३७ रोजी झाला. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक व १८९३ साली मुंबई विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. मानमरातब पुष्कळ मिळाले. परंतु विद्यार्थ्यांनी पाहावयाचे ते त्यांच्या कामाच्या रीतीकडे.

१८७४ साली लंडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी नाशिकच्या शिलालेखांवर निबंध लिहिला. रेव्हरंड जॉन स्टीव्हनसन यांनी हे लेख पूर्वीच वाचले होते. तरी भांडारकरांनी मुळाक्षरांपासून पुन्हा विचार केला. या लेखांत पांडवांचा मागमूस नाही. राजमाता गौतमी बलश्री हिने भिक्षुसंघास दिलेले लेणे मात्र आहे, आणि नहपान राजाचा जावई उषवदात याची दानेही आहेत. बलश्रीच्या लेखात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे सांगितले आहे.

आता आईने केलेली मुलाची स्तुती कितपत प्रमाण मानावी? अशा वेळी दुसरा, स्वतंत्र साक्षीदार शोधावा लागतो. तो १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभी येथे जमिनीतून निघाला. नहपानाची चांदीची १३,००० हून अधिक नाणी सापडली व त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. क्षहरातांचा पराभव झाला, याविषयी मग शंका उरली नाही.

भांडारकरांचे प्रत्येक अनुमान मात्र टिकले नाही. गौतमीपुत्र व त्याचा पुत्र पुळुमावी यांनी एकाच काळी राज्य केले, हे त्यांचे मत पुढील बहुतेक संशोधकांनी अमान्य केले. ज्या लेखावरून ते मत बांधले, तो त्यांनी वाचकांपुढे उघड ठेवला होता. म्हणूनच इतरांस ते तपासता आले. मला तर त्यांचा हाच गुण सर्वांत मोठा वाटतो.

त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यास त्यांच्या नावाचे प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह त्या मंदिरास मिळाला.