वर्ध्याचा पांडुरंग, मेक्सिकोचा मका

मराठवाड्यातील बेंबळीसारख्या गावात एखाद्या घराण्याला पूर्वजांचा माग काढायचा असेल, तर तो तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांपर्यंत जातो. डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्या बाबतीत ही वाट अपुरी पडते. वर्ध्याच्या एका अर्जनविसाचा हा मुलगा. त्याच्या मुली मात्र जन्मल्या लॅटिन अमेरिकेतील मेक्सिकोत. त्यांपैकी सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. एका घरातील दोन खंडांचा इतिहास जुळवण्याचाच तो प्रयत्न होता. मराठी वाचकांना खानखोजे भेटले ते वीणा गवाणकर यांच्यामुळे.

शाळा-महाविद्यालयाच्या वयातच लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घर सोडून निघाला. जपानमार्गे तो अमेरिकेत पोहोचला. तेथे शेतीशास्त्राची पदवी आणि सशस्त्र क्रांतीची तयारी, असे दोन अभ्यास बरोबरीने चालले. १९१३ साली गदर चळवळीची उभारणी झाली, तेव्हा लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्यासह खानखोजे तीत होते. पहिले महायुद्ध पेटताच ते इराणमार्गे हिंदुस्थानच्या सरहद्दीपर्यंत लढत येण्याच्या धाडसी मोहिमेत उतरले. मोहीम फसली. मायभूमी इतकी जवळ आली असताना मागे फिरावे लागले, आणि पुढची सुमारे तीन दशके घराचे दार बंदच राहिले.

बर्लिन, मॉस्को असा प्रवास करून १९२४ मध्ये ते मेक्सिकोत आले. तेथील क्रांती नुकतीच स्थिरावत होती; जमीन कसणाऱ्याला मिळावी, ही तिची मुख्य मागणी. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याच्या आणि गव्हाच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा काढल्या. बंदूक खाली ठेवून त्यांनी क्रांती सोडली, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तिचे क्षेत्र तेवढे बदलले. टीना मोदोत्ती यांनी त्यांच्या कामाची छायाचित्रे टिपली. डिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवले, तेही पंगतीत पाव मोडताना.

१९३६ साली त्यांनी जीन सिंडिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन मुली. मराठी पिता, बेल्जियन माता आणि स्पॅनिश बोलणारा शेजार, असे हे घर होते.

देश स्वतंत्र झाला तरी भारतात येण्यासाठीचा त्यांचा अर्ज प्रथम नाकारला गेला. ब्रिटिशांनी घातलेली बंदी स्वतंत्र भारताच्या कागदांतही तशीच राहून गेली होती! ती उठल्यावर ते परतले आणि अखेर नागपुरात स्थायिक झाले.

१९६६ मध्ये मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचे बियाणे भारतात आले. त्या वाणांचे श्रेय नॉर्मन बोरलॉग यांचे. पण मेक्सिकोच्या शेतात त्यांच्या कितीतरी आधी एक वऱ्हाडी माणूस राबून गेला होता. त्यानंतर काही महिन्यांतच, २२ जानेवारी १९६७ रोजी, खानखोजे यांचे नागपुरात निधन झाले. चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ साली.