प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी

दहावीची परीक्षा संपली, की आमच्या जोयडा तालुक्यातील घराघरांत एकच खल सुरू होतो: पुढे पी.यू.सी.ला गणित घ्यावे की सोडावे? अभियांत्रिकीकडे जाणारा ते निमूटपणे घेतो; परंतु ज्याचा ओढा जीवशास्त्राकडे वा इतिहासाकडे असतो, तो गणितातून सुटल्याचा निःश्वास टाकतो. अशा विद्यार्थ्यांपुढे आम्ही आज जे चरित्र ठेवीत आहोत, ते अनमोड घाटापलीकडल्या गोव्यातील एका कोंकणी घराण्यात जन्मलेल्या पुरुषाचे आहे.

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. साखवाळ गावचे त्यांचे वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे थोर पंडित. ज्ञानासाठी नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पालथे घालणाऱ्या या पित्याला अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने ग्रंथसंपादनासाठी बोलाविले, तेव्हा १९१८ साली अकरा वर्षांचा दामोदरही वडिलांबरोबर व बहीण माणिकबरोबर तिकडे गेला. पुढे वडील परतले. मुलगा मात्र शिक्षणासाठी मागे राहिला. परक्या देशात, परक्या भाषेत त्या मुलाने केंब्रिज गावच्या लॅटिन शाळेत असा अभ्यास केला, की विद्यापीठाच्या प्रवेशासाठी त्या काळी आवश्यक असलेल्या परीक्षेतून त्याला सूट मिळाली. शाळेतील कामगिरी हीच त्याची शिफारस ठरली.

मध्यंतरी ते हिंदुस्थानात येऊन गेले आणि १९२६ साली हार्वर्डमध्ये पुन्हा अभ्यासाला लागले. तेथे जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ हे जगद्विख्यात गणिती त्यांना गुरू लाभले. या शिष्याने केवळ गणितावरच लक्ष एकवटावे, अशी गुरूंची इच्छा होती. दामोदरांनी ती मानली नाही. त्यांनी नाना विषय घेतले आणि प्रत्येकात उत्तम यश मिळविले. १९२९ साली ते सर्वोच्च सन्मानासह बी.ए. झाले, परंतु डॉक्टरेट न घेताच मायदेशी परतले. गुरूंचा सल्ला चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. एका विषयात खोल बुडी मारल्याखेरीज मोठे गणित हाती लागत नाही, हे खरेच आहे. पण या शिष्याने विषय वाढविले ते गणित टाकून नव्हे. गणित पाठीशी घेऊन. आमच्या मते सारे मर्म येथे आहे.

त्यानंतर त्यांनी काशीच्या हिंदू विद्यापीठात, अलीगढला आणि १९३२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केले. १९४५ साली होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून घेतले. पुण्याचे बिऱ्हाड न मोडता ते ‘डेक्कन क्वीन’ने मुंबईला ये-जा करीत.

आता जीवशास्त्र घेणाऱ्यांनी नीट ऐकावे. गुणसूत्रावरील दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत, हे संततीत त्यांची किती वेळा ताटातूट होते यावरून ताडतात. पण मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर दोन्ही जनुके पुन्हा एकत्र येतात आणि ती घटना आपल्या मोजणीतून निसटते. म्हणून दिसणारा आकडा खऱ्या अंतरापेक्षा कमी भरतो. ही तूट भरून काढणारे सूत्र कोसंबींनी १९४४ साली प्रसिद्ध केले. त्या सूत्राने ४० टक्के ताटातूट म्हणजे सुमारे ५५ एकक अंतर होते. १० टक्क्यांना मात्र जेमतेम १० च. सूत्रात लॉगॅरिदम आहे. दहावीनंतर ज्याने गणित सोडले, त्याच्यापुढे ते आले तर त्याने काय करावे? आजही जनुकांचे नकाशे करणारे संशोधक ‘कोसंबी’ हे नाव घेऊन ते सूत्र वापरतात.

इतिहासाची गोष्ट याहून रम्य आहे. तक्षशिलेस सापडलेली प्राचीन आहत नाणी त्यांनी हजारोंच्या संख्येने तराजूत घालून तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. जितके अधिक फिरेल तितके त्या जातीच्या नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील फरक वाढतो. या साध्या विचाराला संख्याशास्त्राची जोड देऊन कोणती नाणी आधीची व कोणती नंतरची, हे त्यांनी ठरविले. ज्या नाण्यांवर राजाचे नावही नाही, त्यांच्याकडून त्यांनी असा इतिहास वदविला! १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ निघाला आणि विद्वानांत मोठा वाद माजला. त्यांचे सर्वच निष्कर्ष सर्वांना पटले असे नाही. भर्तृहरीच्या शतकांची संशोधित आवृत्ती तर त्यांनी त्यापूर्वीच, १९४८ साली सिद्ध केली होती.

स्वभावाने ते तापट व स्पष्टवक्ते होते. १९६२ साली टाटा संस्थेशी त्यांचा संबंध संपला. तरी पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर हिंडून अश्मयुगीन हत्यारे आणि खेड्यांतील देवस्थाने धुंडाळणे त्यांनी सोडले नाही. २९ जून १९६६ रोजी पहाटे, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पुण्यातील राहत्या घरी झोपेतच त्यांचे देहावसान झाले.