अंगावरून वारं जाण्यात वाऱ्याचा काही संबंधच नाही, हे १८३० मध्ये सांगणारा चिनी वैद्य

आपल्याकडं एखाद्याची अर्धी बाजू लुळी पडली की गावाकडची माणसं म्हणतात, त्याच्या अंगावरून वारं गेलं. आता गंमत बघा, चिनी भाषेत स्ट्रोकला चोंगफंग म्हणतात आणि त्याचा अर्थही वाऱ्याचा तडाखा असाच होतो. भाषा वेगळी, देश वेगळा, पण दोन्हीकडं दोष वाऱ्यालाच.

बीजिंगमधल्या एका वैद्यानं १८३० मध्ये पुस्तक छापलं आणि त्यात ठणकावून सांगितलं की हा आजार वाऱ्यानं होत नाही. त्याचं नाव वांग छिंगरेन. त्यानं तयार केलेला काढा चीनमध्ये स्ट्रोकमधून सावरणाऱ्या पेशंटना आजही दिला जातो.

वांगचा जन्म १७६८ चा, हबेई प्रांतातल्या यूथियनचा. गडी मुळात सैनिकी परीक्षा पास झालेला. पैसे भरून त्यानं लष्करातला एक छोटा हुद्दाही मिळवला होता. पण रमला वैद्यकीत. पुढं बीजिंगमध्ये त्यानं औषधाचं दुकान काढलं आणि तिथं त्याचं नावही झालं.

त्याची अडचण वेगळीच होती. जुन्या ग्रंथांत हृदय, फुप्फुस, यकृत यांची जी वर्णनं होती, ती एकमेकांशी जुळत नव्हती. खरं काय ते बघायचं तर शरीर उघडायला हवं. पण शरीर ही आईबापांची देणगी, मेल्यानंतरही तिला धक्का लावायचा नाही, असा चिनी समाजाचा संस्कार. त्यामुळं शेकडो वर्षं वैद्य जुन्याच चित्रांवर भागवत होते.

१७९७ साली वांग लुआनचौ भागातल्या एका गावी गेला होता. तिथं लहान मुलांमध्ये पुरळ आणि जुलाबाची साथ आली होती. त्याच्या नोंदीनुसार दहातली आठ-नऊ मुलं दगावत होती. गरीब घरची माणसं लेकराला चटईत गुंडाळून उथळ खड्ड्यात ठेवायची. कुत्र्यांनी प्रेत खाल्लं तर पुढचं मूल जगतं, अशी तिथली समजूत होती. त्यामुळं स्मशानात रोज शंभराहून जास्त फाटलेली प्रेतं उघडी पडलेली असायची.

वांग घोड्यावरून तिथून जायचा तेव्हा सुरुवातीला नाक दाबून घ्यायचा. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला जे बघायचंय ते इथंच आहे. सलग दहा दिवस तो रोज पहाटे तिथं गेला. एका प्रेतात एक अवयव नसायचा, दुसऱ्यात दुसरा. असं जोडत जोडत त्यानं जवळपास तीस शरीरांचा हिशोब लावला. छाती आणि पोट यांच्यामधला पातळ पडदा तेवढा त्याला कुठंच धड सापडला नाही.

या एका पडद्यासाठी माणूस पुढची तीस-बत्तीस वर्षं झगडला. १७९९ मध्ये आजच्या शेनयांगला आणि १८२० मध्ये बीजिंगला गुन्हेगारांना देहदंड दिला जात होता, तिथं तो जाऊन उभा राहिला. दोन्ही वेळा पडदा काही दिसला नाही. शेवटी १८२९ मध्ये हंगचिंग नावाचा एक अधिकारी भेटला. हामी आणि काशगर या सीमाभागांत राहिलेल्या या माणसानं बरीच प्रेतं पाहिली होती. त्यानं पडद्याचं नीट वर्णन केलं, तेव्हा कुठं वांगचं समाधान झालं. पुढच्याच वर्षी पुस्तक आलं, यीलिन गायत्सुओ. म्हणजे वैद्यकातल्या चुकांची दुरुस्ती.

बुद्धी आणि स्मरणशक्ती हृदयात नाही तर मेंदूत असते, हे त्यानं त्यात ठामपणे मांडलं. पण दुरुस्तीच्या पुस्तकात त्याच्याही चुका आहेतच. मेल्यावर धमन्या रिकाम्या दिसतात, म्हणून त्यानं त्या हवेच्या नळ्या ठरवल्या. हृदयात रक्त नसतं, असंही लिहिलं. प्रेत बघून जिवंत माणसाबद्दल अंदाज बांधला की असं होतं.

आता स्ट्रोकवर येऊ. वांगचं म्हणणं होतं की शरीरात जीवनशक्तीचे दहा भाग असतात, डावीकडं पाच आणि उजवीकडं पाच. त्यातले पाच गेले की उरलेले एका बाजूला सरकतात आणि दुसरी बाजू लुळी पडते. म्हणून त्याच्या काढ्याचं नाव बुयांग हुआनवू थांग, म्हणजे गेलेले पाच भाग परत आणणारा काढा. स्ट्रोकचं मूळ मेंदूच्या रक्तवाहिनीत असतं, हे मात्र त्याच्या हाती लागलं नाही.

काढ्यात एकूण सात पदार्थ. मुख्य म्हणजे हुआंगची नावाच्या वनस्पतीचं मूळ, आजच्या चिनी पाठ्यपुस्तकांनुसार तब्बल १२० ग्रॅम. बाकी सहा एकत्र केले तरी त्याच्या पाचव्या हिश्शाइतकेही भरत नाहीत. त्यात पीच फळाच्या बिया आहेत, वाळवलेलं गांडूळ आहे आणि एक आपल्या ओळखीची गोष्टही आहे, करडईची फुलं. होय, मराठवाडा-सोलापूरकडं तेलासाठी पिकते तीच करडई.

काढ्यापेक्षाही भारी त्याची एक यादी आहे. लुळेपणा येण्याआधी पेशंटना काय काय झालं होतं, हे विचारून त्यानं तीसहून जास्त लक्षणं लिहून ठेवली. अधूनमधून चक्कर, खालची पापणी फडफडणं वगैरे. दुखत-खुपत नाही म्हणून लोक याकडं दुर्लक्ष करतात, ही त्याची तक्रार होती. डॉक्टर आजही तीच तक्रार करतात.

१८३१ मध्ये वांग गेला. काही वैद्यांनी त्याच्यावर सडकून टीका केली, पण पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं गेलं.

मग काढ्यानं खरंच फरक पडतो का? चीनमध्ये यावर भरपूर छोटे अभ्यास झालेत, पण बऱ्याच अभ्यासांचा दर्जा कच्चा आहे. हुआंगची आणि करडईचं फूल असलेल्या न्युरोएड या दुसऱ्या चिनी औषधाची ११०० पेशंटवर मोठी चाचणी झाली. २०१३ मध्ये निकाल आला, तीन महिन्यांनी ठोस फरक दिसला नाही. मेंदूत रक्तस्राव झालेल्या १६४८ पेशंटना आणखी एक वेगळा चिनी काढा देऊन पाहिला, २०२४ मध्ये तोही निकाल तसाच आला.

चिनी हॉस्पिटलांत वांगचा काढा फिजिओथेरपी आणि अॅक्युपंक्चरच्या जोडीला दिला जातो. झटका आल्या आल्या करायची गोष्ट ती नाही. तेव्हा पेशंटला लगेच हॉस्पिटलला न्यायचं, कारण गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि स्ट्रोकनंतर रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर असा काढा डॉक्टरला न सांगता घेऊ नये. यातल्या दांगक्वे या मुळीमुळं वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका होऊ शकतो.