मुकुंद रामराव जयकर

मुकुंद रामराव जयकर (१३ नोव्हेंबर १८७३ – १० मार्च १९५९) हे मुंबईचे नामवंत बॅरिस्टर, राजकीय नेते, संघ न्यायालयाचे न्यायाधीश आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते बहुधा ‘जयकर समिती’ या दोन शब्दांपुरतेच माहीत असतात. देशातील खडीचे रस्ते डांबरी करण्यासाठी लागणारा पैसा कोठून यावा, या प्रश्नाला या समितीने पहिले व्यवहार्य उत्तर दिले.

जयकरांनी मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतले, १९०५ साली लंडनहून बॅरिस्टर होऊन ते परतले आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधीजी व चित्तरंजन दास यांच्यासह ते होते. १९२३ ते १९२६ या काळात ते मुंबई विधिमंडळात स्वराज्य पक्षाचे नेते होते. पुढे ते केंद्रीय विधिमंडळात गेले.

रस्ते समिती

१९१९च्या सुधारणांनंतर रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला होता आणि प्रांतांची तिजोरी तोकडी होती. त्यातच मोटारी वाढल्या. खडी, मुरूम आणि पाणी घालून रोलरने दाबलेला रस्ता बैलगाडीच्या लोखंडी धावांनी झिजत असेच. पण वेगाने जाणाऱ्या रबरी चाकांनी खडीमधला बारीक मुरूम उडून जाई, धुळीचे लोट उठत आणि मोकळी झालेली खडी पहिल्याच पावसात सुटे. खडीला घट्ट धरून ठेवणारा व पाणी आत मुरू न देणारा डांबराचा थर हा त्यावरचा उपाय ठाऊक होता, परंतु तो खर्चिक होता.

या स्थितीचा विचार करण्यासाठी १९२७ साली जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९२८ साली अहवाल दिला. रस्त्यांचा विकास प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेला असून तो राष्ट्रीय हिताचा विषय आहे, असे समितीचे मत होते. मोटारचालकाने रस्त्याचा खर्च उचलावा आणि तो पेट्रोलवाटे वसूल करावा, ही सूचना साधी पण दूरगामी ठरली. गॅलनमागे ४ आणे असलेला कर ६ आणे करून वाढीव २ आणे केवळ रस्त्यांसाठी राखावेत, असे सुचवण्यात आले.

त्यानुसार १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी स्थापन झाला. वर्षअखेर न खर्चलेली रक्कम बुडीत न जाणे हे या निधीचे वैशिष्ट्य होते. डांबरीकरणाचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होऊन ३१ मार्चच्या पुढेही चालतो, हे पाहता ही तरतूद किरकोळ म्हणता येत नाही. तांत्रिक विचारविनिमयासाठी सुचवलेल्या संस्थेतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. संशोधनाच्या शिफारशीला मात्र बरीच वाट पाहावी लागली. दिल्लीतील केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ साली सुरू झाली.

देखभालीचा भार मुख्यतः प्रांतांवर व स्थानिक संस्थांवरच राहिला. डांबरी रस्त्याला भेगा वेळीच बुजवणे व कडेची गटारे मोकळी ठेवणे आवश्यक असते. पाणी एकदा खाली मुरले, विशेषतः काळ्या जमिनीत, की वरचा थर टिकत नाही. रस्ता नवा करण्यास पैसा मिळे, डागडुजीस तो सहजी मिळत नसे, ही उणीव समितीच्या योजनेने भरून निघाली नाही.

उत्तरायुष्य

१९३० साली तेजबहादूर सप्रू यांच्यासह जयकरांनी सरकार व काँग्रेस यांच्यात मध्यस्थी केली. दोघेही गोलमेज परिषदेत सहभागी होते. १९३७ साली ते संघ न्यायालयाचे न्यायाधीश झाले व १९३९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर गेले. संविधान सभेत डिसेंबर १९४६मध्ये त्यांनी मुस्लीम लीगच्या सहभागासाठी उद्दिष्टांचा ठराव लांबणीवर टाकण्याची दुरुस्ती मांडली. ती सभेला मानवली नाही. १९४७ साली त्यांनी सदस्यत्व सोडले. १९५६पर्यंत ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. तेथील ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे.